जुन्या बाजारात इतिहास शोधताना: पायली, साखळी आणि कर्जरोखे

पेट पास झाली, गाईड मिळाले, आता "विषय घेऊन या" असं सांगितलं की आपण सगळे आधी इंटरनेट उघडतो आणि मग ग्रंथालय गाठतो. दोन्ही बरोबरच आहे. पण तुमच्या विषयाचा इतिहासाशी थोडाही संबंध असेल, मग तो शेतीचा असो, तंत्राचा असो की सावकारीचा, तर मी तुम्हाला तिसरी एक जागा सांगते. पुण्याचा जुना बाजार. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याकडेला कापड अंथरलेलं, त्यावर पाने-पक्कड, बंद पडलेली घड्याळं, रेडिओचे सांगाडे, पितळी डबे, कॅमेरे, नाण्यांची ताटं. इंग्रजीत अशा बाजाराला फ्ली मार्केट म्हणतात, म्हणजे शब्दशः पिसवांचा बाजार. पॅरिसच्या जुन्या कपड्यांच्या बाजारावरून ते नाव पडलं असं सांगतात. आपला "जुना बाजार" हा शब्द त्यापेक्षा सभ्य आहे.

मी मूळची जळोचीची. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं आणि पीएच.डी. चालली आहे ती वजनमापांच्या इतिहासावर. त्यामुळे बाजारात माझी नजर आधी मापांवर जाते, मग कागदांवर, आणि सगळ्यात शेवटी नाण्यांवर. हा क्रम का, ते पुढे येईलच.

आधी एक भ्रम काढून टाकू. १९८९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अशाच बाजारात एका माणसाने चार डॉलरला एक तसबीर घेतली आणि तिच्या चौकटीमागे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ ची छापील प्रत निघाली. १९९१ मध्ये ती चोवीस लाख डॉलरला विकली गेली. ही गोष्ट खरी आहे आणि तिने बऱ्याच जणांचं डोकं फिरवलं आहे. संशोधकाने तशा लॉटरीच्या आशेने बाजारात जाऊ नये. संग्राहकाला अशी एक वस्तू हवी असते जी दुसऱ्या कोणाकडेच नाही. आपल्याला उलट हवं असतं: एकासारख्या एक दहा, अगदी साध्या, रोजच्या वापरातल्या. गंमत म्हणजे अशा साध्या वस्तू जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, कारण संग्राहक त्या उचलत नाहीत.

याला मोठा अपवाद म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. बाजीराव रोडजवळचं राजा केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. या माणसाने १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली, गावोगाव हिंडला, आणि राजेशाही दागिन्यांऐवजी अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने १९६२ मध्ये संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. बाजारात जायच्या आधी एक दिवस तिथे घालवा. डोळा तयार होतो. वीस-पंचवीस अडकित्ते ओळीने पाहिल्यावर सव्विसाव्यात वेगळं काय आहे ते आपोआप दिसायला लागतं.

आता प्रश्न असा, की या वस्तू बाजारात येतात कुठून? "वाडा पाडला" हे उत्तर तुम्हाला दर तिसऱ्या पथाऱ्यावर मिळेल आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण त्यामागे आणखी मोठी कारणं आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे-पै बाद होऊ लागले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापं आली आणि शेर, पायली, मण भंगारात निघाले. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्याला व्यवहारातून गेली, आणि पुढच्या पिढीला आजोबांचे कागद वाचताच येईनात, म्हणून ते रद्दीत गेले. पुण्यात तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधल्या घरांचं किती तरी सामान आणि कागद एका दिवसात चिखलात घातले. प्रत्येक बदलाने घराघरातून वस्तूंचा एक थर बाहेर टाकला. बाजारात जे दिसतं ते या थरांतलं उरलंसुरलं.

मापांपासून सुरुवात करू. आपल्या भागात धान्य तोलण्यापेक्षा मापून देण्याची रीत होती. कोष्टक असं: २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, २ शेर म्हणजे १ अडशिरी, २ अडशिऱ्या म्हणजे १ पायली, १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. भौतिकशास्त्र शिकलेल्याला हे कोष्टक एकदम आवडतं, कारण पायलीपासून खाली सगळं दोनाच्या पटीत आहे. अर्धं करायला मोजपट्टी लागत नाही. दोन भांडी सारखी भरली की झालं.

घोळ एवढाच, की एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असं नाही. मुंबई इलाख्यात मापं एकसारखी करण्याचा कायदा झाला तो १९३२ मध्ये. त्याआधीची पायली सापडली तर ती नेमकी केवढी, हे पुस्तकात बघून चालत नाही. मोजावीच लागते. मोजणं अगदी सोपं आहे. पितळी पायली असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिलिलिटर. आपल्याकडच्या ३० अंश तापमानाला पाण्याची घनता ०.९९६ च्या आसपास असते, म्हणजे चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तीनदा करा, सरासरी घ्या. लाकडी माप असेल तर पाणी घालू नका. त्यात बारीक राळा किंवा मोहरी सपाट भरा आणि ती आकारमान माहीत असलेल्या भांड्यात ओतून मोजा.

पण आकारमान कळलं म्हणजे माप कळलं असं नाही. इथे शीग येते. "उत्सुकता शिगेला पोहोचली" असं आपण लिहितो तेव्हा ही शीग कुठली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मापाच्या काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. माप शिगेसकट द्यायचं की काठावरून पट्टी फिरवून सपाट द्यायचं, यावर व्यवहार फिरायचा.

गणित करून बघा. एक माप उंच आणि अरुंद: व्यास १४ सेंमी, उंची २० सेंमी. दुसरं बसकं आणि रुंद: व्यास २० सेंमी, उंची ९.८ सेंमी. दोघांचं आकारमान तेच, साधारण ३०८० मिलि. पाण्याने मोजलंत तर दोन्ही "सारखी" निघतील. आता धान्याची शीग लावा. ढिगाची उंची तोंडाच्या त्रिज्येच्या निम्मी धरू. उताराचा कोन साधारण साडेसव्वीस अंश येतो, धान्याला तो शोभतो. शंकूचं सूत्र लावलं की अरुंद मापावरची शीग येते १८० मिलि आणि रुंद मापावरची ५२४ मिलि. म्हणजे एकीकडे सहा टक्के जास्त, दुसरीकडे सतरा टक्के. वीस मापं धान्य द्यायचं असेल तर केवळ भांड्याच्या तोंडामुळे दोन मापांहून जास्त धान्य इकडचं तिकडे होतं, आणि कोणीही खोटं माप वापरलेलं नसतं!

विटोल्ड कुला नावाच्या पोलिश इतिहासकाराने युरोपातल्या जमीनदारीच्या काळाबद्दल नेमकं हेच दाखवलं. त्याचं मापं आणि माणसं या विषयावरचं पुस्तक १९७० मध्ये आलं. खंड वसूल करताना रुंद तोंडाचं माप आणि शीग, धान्य देताना सपाट, असे वाद तिथे शतकानुशतकं चालले. आपल्याकडे हे कुठे, किती आणि कोणाच्या बाजूने झालं, हे कागदपत्रांतून शोधायचं काम पडून आहे. कागदात "पायली" एवढाच शब्द असतो, पायलीचं तोंड केवढं होतं ते कागद सांगत नाही. ते जुन्या बाजारातली पायली सांगते. म्हणून मी माप घेतलं की आकारमानाच्या आधी तोंडाचा व्यास टिपते. विक्रेत्यांना याचं हसू येतं. एकाने विचारलंच, "ताई, पायली घेताय का झाकण शिवताय?"

बाजारात मापटं आणि शेर पुष्कळ दिसतात, पायली कमी, आणि मोठी मापं तर क्वचितच. यावरून पूर्वी लहान मापंच जास्त वापरात होती असा निष्कर्ष काढलात तर फसाल. नवी नवरी उंबरठ्यावर तांदळाचं माप ओलांडून घरात येते ना? त्या एका विधीसाठी घराघरांत लहान माप जपून ठेवलं गेलं. पायलीला असा आधार नव्हता. शिवाय तिच्यात पितळ जास्त, म्हणजे मोडीत पैसेही जास्त. बाजारात जे टिकलं ते का टिकलं, हा प्रश्न आधी सोडवायचा आणि मगच मोजायला बसायचं. आकडेशास्त्रात आपण याला निवडीचा कल म्हणून शिकलेलो असतो. इथे तो पितळेत दिसतो.

आता थोडं लोखंडाकडे. बारामती-इंदापूरच्या भंगार दुकानांत, आणि पुण्याच्या बाजारातही, कधीकधी कड्याकड्यांची एक लांब साखळी लोखंडाच्या भावात पडलेली असते. मोजून बघा. ३३ फूट भरली तर ती जमीनमोजणीची साखळी. तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. आपण आजही ज्याला गुंठा म्हणतो तो या साखळीचा चौरस आहे, आणि असे ४० गुंठे म्हणजे बरोबर एक एकर.

ही साखळी आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. मुंबई इलाख्यातली जमीन मोजून, प्रत बांधून, तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची जी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी उभी केली, तिची सुरुवात इंदापूर तालुक्यात झाली, १८३६ मध्ये. आधीची प्रिंगलची मोजणी फसली होती. तिचे आकडे जमिनीशी जुळतच नव्हते. तीस वर्षं संपल्यावर १८६० च्या दशकाच्या शेवटी फेरमोजणीने सारा वाढला, काही ठिकाणी निम्म्याहून जास्त. नेमकं त्याच सुमारास अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे चढलेले भाव कोसळले होते. सारा रोखीत भरायचा, हातात रोख नाही, मग सावकार.

इथून आपण कागदांकडे येतो, आणि माझ्या मते जुन्या बाजारातला सगळ्यात मोलाचा माल हाच.

१२ मे १८७५. सुपे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं आणि आजच्या बारामती तालुक्यातलं बाजाराचं गाव. बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. इतिहासात हे "दख्खनचे दंगे" म्हणून प्रसिद्ध आहे, तुम्ही ते बारावीला दोन परिच्छेदांत वाचलंही असेल. पण एक तपशील नीट लक्षात घ्या: लोकांना हवे होते ते वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले की जाळायचे. जिथे सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले तिथे मारहाण फारशी झाली नाही. म्हणजे त्या लोकांना कागद वाचता येत नव्हता, पण कागदाची ताकद कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं.

ती ताकद कशी वाढली होती? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा ठरावीक काळच, साधारण तीन वर्षं, कोर्टात चालायचा. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये, आणि मधे काहीच परतफेड नाही. एकच रोखा राहिला असता तर नऊ वर्षांनी सरळव्याजाने देणं झालं असतं ३१६ रुपये. दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर पहिल्यांदा १७२, मग २९६, मग ५०९. फरक जवळजवळ दोनशे रुपयांचा, आणि तोही व्याजाचा दर एक पैसाही न वाढवता. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायचा, सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा, अशी कलमं घातली गेली.

आता जुन्या बाजारात या. एखाद्या पथाऱ्यावर स्टॅम्पपेपरची चळत दिसेल. वर व्हिक्टोरिया राणीचं किंवा पाचव्या जॉर्जचं चित्र, खाली मोडीत मजकूर. घेणारे बहुतेक जण चित्रासाठी घेतात, चौकटीत लावून हॉटेलात टांगायला. तुम्ही मजकुरासाठी घ्या. चित्रावरून अंदाज लागतो: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. पण शिल्लक कागद नंतरही वापरला जायचा, तेव्हा चित्र फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतं. खरी तारीख मजकुरात असते. शक असेल तर ७८ मिळवा, आपल्याकडचा फसली असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९. वर्षाच्या कोणत्या भागात तारीख पडते त्यावर एखादं वर्ष इकडेतिकडे होईल.

मग सही बघा. लिहिणाऱ्याचं नाव "बिकलम" म्हणून येतं, साक्षीदार येतात, आणि ज्याने कर्ज घेतलं त्याची निशाणी. मराठेशाहीच्या कागदांवर पाटील-कुणबी नांगराचं छोटं चित्र काढायचे. पुढच्या काळात अंगठा येतो. बोटांच्या ठशावर माणूस ओळखता येईल ही कल्पना विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालात एका करारावर वापरून पाहिली होती. म्हणजे गुन्हेगार पकडण्याच्या आधी ठसा आला तो करार मोडू नये म्हणून.

पण एक सुटा रोखा तुम्हाला फार काही सांगणार नाही. कर्ज फिटलं की रोखा परत मिळायचा आणि फाडला जायचा. "खत फाडलं" हा शब्दप्रयोग त्यावरूनच. म्हणून धडधाकट रोखा दिसला की समजायचं, हा बहुधा सावकाराच्या दप्तरातून आला आहे आणि कर्ज फिटलेलं नाही, निदान कागदोपत्री तरी. तीन वर्षांची साखळी दिसायला मात्र त्याच माणसाचे ओळीने तीन-चार रोखे लागतात. ते मुळात एकत्र असतातच: एका कापडात बांधलेले, रुमालात. घरातून निघेपर्यंत रुमाल शाबूत असतो. रद्दीवाल्याकडेही बहुतेक वेळा शाबूत असतो. तो फुटतो पथाऱ्यावर. राणीचं चित्र असलेले कागद वेगळे, मोठ्या रकमेचे वेगळे, फाटके खाली. संध्याकाळपर्यंत एका कुटुंबाचा वीस वर्षांचा हिशेब दहा गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतून शहरभर गेलेला असतो. कागद सगळे जिवंत राहतात. इतिहास मात्र सुप्याला जळला तसाच संपतो.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी असा न सोडलेला रुमाल माझ्या समोर आला. अख्खा घेण्याइतके पैसे नव्हते, फेलोशिप नेहमीप्रमाणे थकलेली. मी विक्रेत्या काकांना म्हटलं, "काका, फोडायच्या आधी मला क्रमाने फोटो काढू द्या, त्याचे पैसे देते." ते म्हणाले, "फोटोचे कसले पैसे? चहा पाजा. पण दुकानासमोर उभं राहू नका, मागे बसून काढा." तासाभरात सगळे कागद निघाले, वरून खाली, ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने. त्यात इंदापूर तालुक्यातल्या एका गावचे, तेच दोन पक्ष असलेले तीन रोखे आहेत. वाचन अजून चालू आहे. तुम्हालाही असं मिळेल, आणि विकत घेता आलं नाही तर निदान क्रम वाचवा. फोटोला पहिला क्रमांक रुमालाच्या गाठीचा द्या, दुसरा वरच्या कागदाचा.

एकत्र असण्याला एवढं महत्त्व का, हे दामोदर धर्मानंद कोसंबींच्या कामावरून फार छान कळतं. कोसंबी मुळात गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, १९४० च्या सुमारास, ते आहत नाण्यांकडे वळले. त्यांचा विचार साधा होता: नाणं हातातून हातात जाताना झिजतं. म्हणजे जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. आधी त्यांनी चलनातली आधुनिक नाणी तोलून हे तपासलं. मग तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी तोलली, आणि मागच्या बाजूला जितके जास्त ठसे तितकं वजन कमी, हे दाखवलं. ज्या नाण्यांवर अक्षर नाही, राजाचं नाव नाही, त्यांना काटा आणि सांख्यिकी वापरून त्यांनी मागेपुढे लावलं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहासात काय करावं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण हे जमलं कारण ती हजाराहून जास्त नाणी एकाच वेळी पुरली गेली आणि एकत्रच सापडली. जुन्या बाजारातल्या ताटात शंभर नाणी असतात ती शंभर घरांतून आलेली. ती तोलून काही हाती लागत नाही. म्हणूनच नवख्यांना मी सांगते, नाण्यांच्या नादी सुरुवातीला लागू नका. शिवराई म्हणून जे दाखवलं जातं त्यात ओतीव नकला पुष्कळ: कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे. आणि खरी शिवराई असली तरी ती शिवकाळातली असेलच असं नाही, पेशवाईत आणि नंतरही त्या नावाने तांब्याचं नाणं पाडलं जात होतं.

एखादा हळूच म्हणाला, "शेतात सापडलंय, कोणाला सांगू नका," तर तिथून निघा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचे कागद असतील तर ७५ वर्षांहून जुने, पुरावशेष ठरतात. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. देवळातल्या मूर्ती, देवघरातले टाक याला तर हातच लावू नका. संशोधनासाठी म्हणूनही नाही.

विक्रेत्याशी कसं बोलायचं? "हे किती जुनं आहे?" असं कधी विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "दोनशे वर्षं." "हे कुठून आलं?" असं विचारा, आणि तेही भाव ठरल्यावर, पैसे देऊन झाल्यावर. आधी विचारलंत तर गोष्ट किमतीला चिकटते. नंतर विचारलं की माणूस निवांत सांगतो: अमुक पेठेतला वाडा, किंवा फलटणकडचा बोहरी, किंवा "काय माहीत, पोत्यात आलं." शेवटचं उत्तरही जसंच्या तसं लिहून ठेवा, तारखेसह. घरी येऊन वस्तू धुऊ-पुसू नका. मापाच्या तळाला चिकटलेलं धान्य, कागदाला लागलेली हळद, हाही पुरावा असतो. पितांबरीने घासलेलं माप दिसतं छान, पण त्यावरचे बारीक शिक्के आणि खुणा पुसट होऊन जातात.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच कार्यपद्धतीच्या पेपरात आम्हाला शिकवली गेली नाही. त्या तीन रोख्यांवरचं कर्जदाराचं आडनाव माझ्या शाळेतल्या पटावर होतं, आणि सावकाराचंही. माणसं तीच असतील असं नाही. पण गावं लहान असतात. कोणाच्या पणजोबांची जमीन कशी गेली हे त्या कागदात असू शकतं, आणि ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे कोणालाही कळतं. म्हणून शोधनिबंधात मी नावांऐवजी क्रमांक देणार आहे. गाव न देता तालुका देणार आहे. गाईडना हे पटलेलं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाला कसली गुप्तता, असं त्यांचं म्हणणं, आणि नावं गाळली तर दुसऱ्या संशोधकाने पडताळणी कशी करायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. सध्या तोडगा असा, की नावांसकट पूर्ण वाचन विभागाच्या कपाटात राहील, मागणाऱ्याला समोर बसून बघता येईल.

तुमच्या घरी माळ्यावर मापटं, शेर, पायली असं काही पडलं असेल तर मोडीत घालण्याआधी चार गोष्टी टिपून ठेवाल का? तोंडाचा आतला व्यास, आतली उंची, पाण्याने आलेलं आकारमान, आणि ते कोणत्या गावाहून घरात आलं. आजी असेल तर पाचवी: दाणे शिगेने द्यायच्या की सपाट.